धुतलेल्या भिंती

पाणी उतरल्याची बातमी आली तेव्हा अण्णा निवारा केलेल्या शाळेच्या व्हरांड्यात चहाच्या रांगेत उभे होते. त्यांचा मुलगा फाटकातून पळतच आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल, दुसरी कुठे राहिली याचं त्यालाही भान नव्हतं.

"अण्णा, उतरलं! आपल्या गल्लीतलं पाणी उतरलं. मी आत जाऊन आलो."

"सगळं जागेवर आहे?"

मुलानं आधी दम घेतला. "घर उभं आहे. बॉयलर आडवा झालाय. धुलाईचे ड्रम गाळानं भरलेत. मागची पत्र्याची शेड गेली, दोऱ्या गेल्या, खांबसुद्धा गेले. आणि गिऱ्हाइकांची गाठोडी..."

"वाहून गेली?"

"नाही, आहेत. पण कुठलं कोणाचं ते ओळखू येत नाही."

अण्णांनी हातातला रिकामा कप मागच्या माणसाच्या हातात दिला आणि चालायला लागले. लाँड्री त्यांच्या वडिलांनी घातली होती. खाली दुकान आणि धुलाई, वर राहायच्या खोल्या. नदीनं उंबरा याआधीही ओलांडला होता, पण बॉयलरला कधी हात लावला नव्हता. यंदा ती पहाटेची आली आणि थेट जिना चढली. सगळ्यांना वरच्या खिडकीतून नावेत घ्यावं लागलं होतं.

बायको गेल्यापासून अण्णांना कुठल्याच गोष्टीची घाई वाटत नसे. जेवण गार होई, दुकान उशिरा उघडे, गिऱ्हाईक बोलून जाई. आज मात्र ते इतके भराभर चालले की मुलाला मागून पळावं लागलं.

आक्का त्यांच्याआधी पोचली होती. थोरली बहीण. लग्न होऊन वर टेकडीच्या बाजूला राहायला गेली त्याला किती वर्षं झाली, पण "आमच्याकडे" म्हणाली की तिला हेच घर म्हणायचं असे. ती टेम्पो करून आली होती आणि टेम्पोत डिझेलचा पंप, फावडी, खराटे, धुण्याच्या सोड्याची पोती होती. पदर खोचून ती दारात उभी होती.

"बघत काय उभे राहिलात? सिनेमा लागलाय का इथे? उचला फावडी!"

"आक्का, आधी जरा बघू तर दे."

"चिखल काय बघायचाय, अण्णा? आपण काय लाँड्री कापडं बघायला घातली का?"

तिनं पंपाची दोरी ओढली. तो असा भडभडायला लागला की शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळेना. आणि मग या घरात जे नेहमी होतं तेच झालं. एकानं धुवायला घेतलं की दुसऱ्याला नुसतं बसवत नाही, ही या घराण्याची खोड. मुलानं शर्ट काढून फावडं घेतलं. सून तीन दिवस निवाऱ्यात सांगत होती की माझ्या पोरीला घेऊन मी त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. तिनं पोरीला शेजारणीकडे ठेवलं आणि कासोट्यासारखी साडी आवळून ब्रश घेतला. अण्णांचा धाकटा भाऊ दुपारी आला. सगळी गल्ली त्याला 'मंत्री' म्हणायची, कारण तो सगळ्यांना सगळं कबूल करायचा. "मी फक्त परिस्थितीचा आढावा घ्यायला आलोय," म्हणाला, आणि थोड्याच वेळात तोही ड्रममध्ये उतरून गाळ उपसत होता.

सरकारनं दिलेली जंतुनाशक पावडर सोड्याच्या पाण्यात मिसळून त्यांनी भिंती घासल्या. फरशी घासली. जिन्याची एकेक पायरी घासली. गाठोडी सोडून कापडं हातांनी धुतली, पिळली, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधून वाळत घातली. आसपासच्या घरांतून काळा चिखल बाहेर येत होता आणि मधोमध पांढऱ्या चादरी फडफडत होत्या.

शेजारचा शिंपी आपल्या बुडालेल्या मशिनी रस्त्यावर मांडून बसला होता. तो म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडे पूर आलाच नव्हता की काय?"

सगळे हसले. अण्णाही हसले, मोठ्यानं. सुनेनं वळून बघितलं. कितीतरी महिन्यांत तिनं ते हसू ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा निवाऱ्यावरून परत आला तो तोंड पाडूनच.

"आपण फसलो," तो म्हणाला. "पाहणी होईपर्यंत भिंती पुसू नका, खराब झालेलं काही टाकू नका, असं काल गाडीवरून सांगत फिरत होते. आज पाहणी आहे. ज्यांचं घर राहण्यासारखं नाही त्यांना वर, टेकडीखालच्या मैदानात जागा मिळणार. धंद्यासकट. यादी आज संध्याकाळी बंद होते."

"आणि ज्यांचं घर राहण्यासारखं आहे त्यांना?" मंत्र्यानं विचारलं.

"बादली आणि साबण."

मंत्र्यानं चकचकीत दुकानाकडे नजर फिरवली. "साबण तर आपल्याला नकोच."

सून दाराची चौकट धरून उभी राहिली. कालची सगळी उमेद तिच्या तोंडावरून उतरली होती. "म्हणजे आम्ही इथेच राहायचं? आपल्याच हातांनी घासून घासून आम्ही इथे राहायचं ठरवलं?"

ती अण्णांकडे बघत होती. तिला वाटत होतं अण्णा जागा सोडायला कधी तयार होणार नाहीत. इथेच त्यांचा संसार झाला, वरच्या खोलीत बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिथेच गेली. असं घर सोडून माणूस कुठे जाईल? आक्कालाही तसंच वाटत होतं, म्हणून ती निवांत कापडाच्या घड्या घालत होती. अण्णांना स्वतःला काय वाटत होतं ते अजून कोणी विचारलंच नव्हतं.

"काही नाही, उपाय आहे," मंत्री म्हणाला आणि बाहेर पडला. परत आला तो दोन्ही हातांत चिखलाच्या बादल्या घेऊन. "शिंप्याकडून उसना आणलाय. खांद्यापर्यंत लावायचा ना रे? की डोक्यापर्यंत होतं पाणी?"

"खबरदार!" आक्का खराटा घेऊन आडवी झाली. "माझ्या बापाच्या भिंतीला चिखल फासतोस?"

"अगं आत्या, कालपर्यंत तो चिखल इथलाच होता," मुलगा म्हणाला. "आपलाच आपण परत लावतोय. यात खोटं काय?"

"मग आधी शिंप्याची परवानगी घे. त्याचा चिखल आहे तो."

"त्यानं अजून हवा तर ने म्हणून सांगितलंय."

सून फसकन हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मुलानं एक बादली उचलली. आक्कानं खराटा उगारला. मंत्री दोघांच्या मध्ये आला आणि त्याच्या हातातली बादली हिंदकळून थेट त्याच्याच पायजम्यावर उपडी झाली. याच वेळी दारात कोणीतरी घसा खाकरला.

पाहणीसाठी आलेली इंजिनिअर तरुण मुलगी होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, काखेत हेल्मेट, डोळ्यांत झोप नाही. ती दुकानभर बघत राहिली. चुन्यासारख्या पांढऱ्या भिंती, लखलखीत फरशी, घड्यांची चळत, आणि मधोमध चिखलानं माखलेला मंत्री.

"इथे पाणी आलं होतं?" तिनं विचारलं.

"हो!" मुलगा आणि सून एकदमच ओरडले.

"थोडंसं," आक्का म्हणाली.

"छतापर्यंत," मंत्री म्हणाला. "बघा ना, माझ्या अंगावर अजून आहे."

मुलीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "काका, हा ओला चिखल आहे. पुराचा एव्हाना अंगावर वाळला असता." तिनं बादली आणि भिंत दोन्हीकडे बघितलं. "लावला नाहीत ना? बरं झालं. लावला असता तर मला नोंदवावं लागलं असतं."

अण्णा पुढे झाले. "बाई, आम्ही धुतलं. धुवायचं नाही ते आम्हाला कळलं नाही. धुणं हा आमचा धंदा आहे. घाण दिसली की हात थांबत नाहीत. चिखल लावायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल, पण लावला नाही. आता तुम्ही ठरवाल ते."

"धुतलेली भिंत म्हणजे कोरडी भिंत नाही, काका." तिनं पिशवीतून ओल मोजायचं, हातात मावेल एवढं यंत्र काढलं, पुढे दोन टोकदार खिळे होते. ते तिनं पांढऱ्या भिंतीत दाबले. यंत्र किंचाळलं. जरा वर दाबलं, पुन्हा किंचाळलं. मग तिनं स्टूल मागितलं आणि छताजवळ दाबलं. तिथेही तेच.

सून टाळ्या वाजवायला लागली आणि मग आपण घर पडायला आलंय म्हणून टाळ्या वाजवतोय हे लक्षात येऊन थांबली.

मुलगी मागच्या बाजूला गेली. शेड होती तिथे नदीनं जमीन खरवडून नेली होती. ती वाकून घराच्या पायाखाली बराच वेळ बघत राहिली. सगळे तिच्यामागे उभे.

"पाया उघडा पडलाय," ती सरळ होत म्हणाली. "या घरात आज रात्रीपासून कोणी झोपायचं नाही. वरच्या खोलीतसुद्धा नाही. वायरमन येऊन जाईपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. पाणी उकळूनच प्या, नळाचं असलं तरी. हे झालं आजचं. आता पुढचं तुम्ही ठरवायचं. पाया नव्यानं घालून इथेच राहायचं, त्याला सरकारची मदत आहे. किंवा वर जायचं, त्यालाही आहे. जागा कोणाच्या नावावर आहे?"

"आम्हा तिघांच्या," मंत्र्यानं सांगितलं. "वडिलांनी बहिणीचंही नाव घातलंय."

"मग तिघांनी एकच बोलायला हवं. एकजण जरी इथेच म्हणाला तर घर दुरुस्तीत जाईल. मी शेजारचं बघून येते, तोवर बोलून घ्या." जाताजाता ती थांबली. "पण खरंच तुम्हाला कळलं नाही? गाडी तुमच्या दारासमोरच उभी होती काल. आमच्या माणसानं पंप बंद करा म्हणून हात केला होता. म्हणाला, एका मावशींनी 'ऐकलं, ऐकलं' म्हणून हात हलवला."

ती गेली. मग एकेक मान आक्काकडे वळली.

"आत्या?" मुलगा म्हणाला.

आक्कानं हातातली चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. "हो. ऐकलं होतं."

"ऐकून धुतलंस? आणि आम्हाला धुवायला लावलंस?"

"लावलं. मी एकटीनं धुतलं असतं तर तुम्ही बसला असतात का बघत? मला माहीत आहे ना तुमची खोड. माझीच आहे ती." तिचा आवाज चढला. "तुम्ही सगळे निवाऱ्यात बसून वर जायच्या गोष्टी करत होता. मला कोणी विचारलं? तुम्हाला घर बदललं की नवं घर मिळतं. माझं माहेर बदललं की मला काय मिळतं? परकी जागा! वर कुठल्या तरी नव्या फरशीवर पाहुणी म्हणून बसू? इथे मला कोणी बस म्हणावं लागत नाही."

"आक्काचं खरं आहे," मंत्री म्हणाला. "मी म्हणतो इथेच पाया घालू."

"काका! चिखल तुम्ही आणलात ना वर जायला?"

"तेव्हा मला आक्काचं म्हणणं माहीत नव्हतं."

"काका, तुम्ही एका पक्षात कधी राहणार?"

"जो निवडून येईल त्यात," मंत्री म्हणाला, पण कोणी हसलं नाही.

सुनेनं चटकन आक्कासमोर जाऊन बसून घेतलं. "आत्याबाई, माझी पोर कापडाच्या टोपलीत घालून खिडकीतून खाली सोडली आम्ही. तुम्ही बघितलं नाहीत. ती रडलीसुद्धा नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. पुन्हा एकदा ते मला जमायचं नाही. तुम्ही मला वाटेल ते बोला."

आक्कानं अण्णांकडे बघितलं. "तू सांग, अण्णा. तुझी बायको गेली या घरात. तू सांग सगळ्यांना."

आता सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णा इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे होते. त्यांना बोलायची सवय राहिली नव्हती. पण आज आतून काहीतरी धक्के देत होतं, आणि एकदा सुरू झाल्यावर ते थांबले नाहीत.

"त्या पहाटे जिन्यावर पाणी चढत होतं," ते म्हणाले. "पोरं पुढे होती, मी मागे. पायाखालची पायरी दिसत नव्हती. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू, आक्का? बरं झालं ती नाही. असं आलं."

"अण्णा..."

"थांब, बोलू दे. तिला अंथरुणावरून उचलायला दोन माणसं लागायची. या जिन्यातून दोन माणसं शेजारीशेजारी जात नाहीत. ती असती तर एकतर ती राहिली असती, नाहीतर तिला सोडून जायचं नाही म्हणून मी राहिलो असतो. हे सगळं मला एका पायरीवर कळलं, आणि मला बरं वाटलं. माझी बायको मेलेली आहे, याचं मला बरं वाटलं! वर्षभर मी तिच्यावाचून घास धड गिळला नाही, आणि या जिन्यावर उभा राहून मला सुटल्यासारखं झालं." त्यांनी हातानं तोंड पुसलं. "ज्या घरात माणसाला असं वाटावं लागतं, त्या घरात मी नाही राहणार. काल धूत होतो, हसत होतो, मजा आली. पण धुतल्यावरही जिना तेवढाच आहे. मी वर जाणार."

बाहेर कोणीतरी ओल्या गाद्या ओढत नेत होतं, त्यांचा घसटण्याचा आवाज आत येत राहिला. सून रडत होती, पण आता तिला डोळे पुसायचं सुचत नव्हतं. अण्णांकडून तिनं कशाचीच आशा धरली नव्हती.

आक्कानं घडी खाली ठेवली. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू पंप लावला होतास."

आक्काच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला, मग तिनं नाक ओढलं. तिनं भिंतीवरून हात फिरवला. काल तिनंच ती घासली होती, वडिलांच्या वेळच्या रंगापर्यंत.

"ती मला मोठ्या बहिणीसारखं मानायची," ती म्हणाली. "तुझ्याशी भांडण झालं की पहिला फोन मला. तिला या जिन्यात मी बघू शकले नसते रे." मग म्हणाली, "पण मी येऊ कुठे, अण्णा?"

"वर. आमच्याकडे. बस म्हणायला कोणी यायचं नाही, तूच येऊन बसायचं."

मंत्री इतका वेळ पायजमा झटकत होता. तो एकदम थबकला. "थांबा, थांबा. टेकडीखालचं मैदान म्हणजे ते, आक्काच्या घरामागचं?"

"तेच," मुलगा म्हणाला.

"म्हणजे आक्का तिथून पायी येणार? रोज?"

"सकाळ-संध्याकाळ," आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात पुन्हा कालची धार आली होती. "आणि आल्या आल्या बघीन तुझी खोली झाडलेली आहे की नाही."

मंत्र्यानं दाराबाहेर डोकं काढून हाक मारली, "बाई! बाई, आमचं इथेच लिहा!"

सगळ्यांना एकदमच हसू फुटलं. शिंपीसुद्धा रस्त्यावरून काय झालं म्हणून विचारायला लागला. इंजिनिअर मुलगी घाईनं परत आली, तेव्हा पाचही जण मोठमोठ्यानं बोलत होते आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं.

"नक्की काय लिहू?"

"वर," अण्णा म्हणाले.

"वर," आक्का म्हणाली.

मंत्र्यानं दोघांकडे बघितलं, सुस्कारा टाकला. "बहुमत आहे. वर."

तिनं लिहून घेतलं आणि पुढचं सांगितलं. घर बांधून होईपर्यंत निवाऱ्याच्या शाळेतच एक वर्गखोली मिळेल. आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर आधी सांगा. धंद्याची परवानगी नव्यानं घ्यावी लागेल, पण त्यासाठी शाळेतच एक टेबल लावलेलं आहे, फेऱ्या मारायला नकोत. बॉयलर उचलायचा तर तपासून घेतल्याशिवाय पेटवू नका.

पण ऐकायला फक्त अण्णाच होते. बाकीचे केव्हाच नव्या जागेत पोचले होते. मुलानं फरशीवर खडूनं आराखडा काढायला घेतला. फरशी ओली, खडू उमटेना, तेव्हा सुनेनं घड्या घातलेल्या चादरी मांडून भिंती केल्या. हे दुकान. हा बॉयलर. हा जिना, आणि तो असा रुंद असायचा की दोन माणसं शेजारीशेजारी जातील. आक्कानं तिची चादर सरकवली आणि म्हणाली, "जिना कशाला? सगळं खालीच करा. वर झाडायचं कोण?" मंत्र्याला आपली खोली रस्त्याच्या बाजूला हवी होती. मुलाला वाळवणासाठी पूर्वेची बाजू हवी होती. सून म्हणाली, ती पोरीच्या खेळण्याची. पुन्हा सगळं भांडण पहिल्यापासून सुरू झालं.

मुलगी हेल्मेट घालून पायरी उतरली. अण्णा तिला दारापर्यंत पोचवायला गेले.

"लाँड्री आहे म्हणून विचारतो," ते हळूच म्हणाले, आतल्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "तिथे पाण्याचं कसं आहे?"

तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला. मग खरं तेच सांगितलं.

वर रस्ता झाला होता, विजेचे खांबही उभे होते. पाण्याची लाईन अजून टाकलेली नव्हती.